मावशीची रेघ

औषधांच्या दुकानात धाकटीच्या पुढे जी माणसं उभी होती त्यांत मावशी होती, हे तिला पाठीवरूनच कळलं. एक खांदा जरा खाली, त्या खांद्यावर पिशवी, आणि चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून वाचायची ती सवय. हाक मारावी की मागच्या मागे निघून जावं, असा विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि तो आला ह्याचाच तिला राग आला. तेवढ्यात मावशीनं मान वळवली. ओळखीचं हसली. आणि हसता हसता खांद्यावरची पिशवी पुढे ओढून तिनं छातीशी धरली. एवढंच. गर्दीत बायका पिशवी अशी धरतात, पण ती चोराच्या भीतीनं, आणि तेव्हा हात पिशवीच्या तोंडावर असतो. मावशीचे दोन्ही हात पिशवीच्या पाठीवर होते. डॉक्टरकडे तपासणीच्या टेबलावर बसलेल्या बाईनं, अचानक दार उघडल्यावर, हाताला लागेल ते कापड पुढे धरावं तशी तिनं ती धरली होती. पुढचं सगळं बोलणं नेहमीचं झालं. जेवलीस का, डोळे खोल गेलेत, केस कुणी कापले ग असे, पैसे परत माग त्याच्याकडून. फक्त दोन वाक्यांच्या मध्ये मावशी थांबत होती. गॅस बंद केलाय ना, हे आठवायला माणूस थांबतो तशी. थांबायची, फळीवरून डबा काढावा तसा एक श्वास काढायची, तो आत ठेवायची, आणि मग पुढचं वाक्य बोलायची. निघताना म्हणाली, रविवारी दुपारी घरी ये, काम आहे तुझ्याकडे. कसलं काम, असं धाकटीनं विचारलं तर नुसती मान हलवली. दुकानाच्या पायरीवरून मात्र परत फिरली.

"तो पट्टा आहे ना अजून तुझ्याकडे? तो घेऊन ये."

काउंटरवरच्या माणसानं धाकटीला काय हवंय म्हणून विचारलं तेव्हा आपण काय घ्यायला आलो होतो हे तिला आठवेना. तिनं उगाच खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि बाहेर पडल्यावर, आपण नेमक्या खोकल्याच्याच का घेतल्या, ह्या विचारानं तिला रस्त्यात हसू आलं. चांगलं हसू नव्हतं ते.

तिला धाकटी हे नाव पडलं ते मावशीच्याच घरात. आईची नोकरी बदल्यांची, त्यामुळे शाळेत घालायची वेळ आली तेव्हा तिला आईच्या ह्या बहिणीकडे ठेवलं गेलं, तात्पुरतं म्हणून, आणि ते तात्पुरतं ती पदवीधर होईपर्यंत टिकलं. मावशीची स्वतःची मुलगी ती थोरली. दोघींना एकाच दुकानातून कापड यायचं, एकाच मापाच्या वाटीत खाऊ मिळायचा. डावं-उजवं केलं असं कुणाला म्हणता येऊ नये ह्याची मावशी इतकी काळजी घ्यायची की त्या काळजीवरूनच काय ते कळायचं. धाकटीची शाळा आधी सुटायची. मावशी फाटकाशी उभी असायची. धाकटी आली की दप्तर काढून घ्यायची, घाम पुसायची, आणि हे सगळं करताना तिच्या खांद्यावरून रस्त्याच्या टोकाकडे बघत असायची. मग टोकाला थोरली दिसायची आणि मावशीच्या चेहऱ्यावर ते हसू यायचं. धाकटी त्या वेळी मध्ये असायची, अगदी वाटेत, त्यामुळे ते हसू तिला जवळून बघायला मिळायचं. थोरली विसाव्या वर्षी रक्ताच्या आजारानं गेली. त्यानंतर बराच काळ मावशी फाटकाशी उभी राहिली नाही, उभं राहावं असं कुणी उरलंच नव्हतं, धाकटी तेव्हा घरातच असे, भौतिकशास्त्राची पुस्तकं घेऊन.

मग कुणाच्या तरी ओळखीनं मावशी 'बसायला' जाऊ लागली. चष्म्यांच्या दुकानावरच्या एका भाड्याच्या खोलीत आठवड्यातून एकदा काही माणसं गोल करून खुर्च्यांवर बसत. मूर्ती नाही, पुस्तक नाही, गाणं नाही, वर्गणीची पेटीसुद्धा नाही. डोळे मिटायचे आणि थांबायचं. थोड्या वेळानं 'येतं'. काय येतं, ह्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं. शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या डोक्यावर कुणीतरी हात ठेवायचं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांना, म्हणजे ज्यांनी हे बसणं सुरू केलं त्यांना, पाठीमागे दार उघडल्यासारखं वाटायचं आणि सगळी खोली मोठी व्हायची. मावशीकडे थोरली यायची. बोलायची नाही, शेजारी बसायची. मावशी हे सांगायची तेसुद्धा ओशाळून, कारण तिच्या समजुतीनं त्या सगळ्यांत ती सर्वांत कच्ची होती. इतरांना आधी येतं, मला आपलं शेवटी, थोडंसं, उरलेलं, असं म्हणायची. पण बसून आलेल्या दिवशी ती आमटीत मीठ बरोबर घालायची आणि रात्री तिला झोप लागायची.

त्या खोलीत नक्की काय होतं, हे कळावं म्हणून धाकटीनं भौतिकशास्त्र सोडलं आणि धर्मांच्या अभ्यासाच्या विभागात नाव घातलं. नातेवाइकांनी विचारलं, मग आता प्रवचनं देणार का. वडिलांनी विचारलं, ह्यात नोकरी असते का. मावशीनं काहीच विचारलं नाही; तिला वाटलं, पोरगी आपल्या जवळ यायला बघतेय. विभागातल्या पहिल्याच तासाला मार्गदर्शक बाईंनी फळ्यावर दोन मोठे कंस काढले आणि मधली जागा मोकळी सोडली. ह्या जागेत एक प्रश्न टाकायचा, त्या म्हणाल्या, आणि परत त्याच्याकडे बघायचं नाही: हे लोक म्हणतात ते खरं आहे का? देव आहे की नाही, मेलेलं माणूस येतं की नाही, हे आपलं काम नाही. आपण हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. जे आहेत ते काय करतात, काय म्हणतात, कुणाबरोबर, कशा क्रमानं, एवढंच. धाकटीला हे फार आवडलं होतं. प्रयोगशाळेत तापमान स्थिर धरून दाब मोजतात, तसंच हे. बाकीची मुलं दोन-दोन वर्षं त्या कंसांशी झगडली, कुणी श्रद्धाळू घरातलं होतं म्हणून, कुणी नास्तिक घरातलं म्हणून. धाकटीला कंस अंगासरशी बसले. थोरली येते की नाही हा प्रश्न इतक्या सभ्यपणे बाजूला ठेवायची सोय जगात आहे, हे तिला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

मग पट्टे आले. ती कल्पना तिची. मुलाखती सगळेच घेतात. तिला मोजता येत होतं. छातीभोवती बांधायचा लवचीक पट्टा, श्वासागणिक ताणणारा, त्यात एक तार, आणि ताणाची रेघ संगणकावर. काकांनी परवानगी दिली ती कुतूहलापोटी. घड्याळजीच ते, पट्टा उलटासुलटा करून आतली जोडणी बघून म्हणाले, बारीक काम आहे. शिवणवाल्या बाईंनी सगळ्यांच्या मापाचे पट्टे उसवून नीट शिवून दिले. वर्षभर धाकटी कोपऱ्यात संगणक मांडीवर घेऊन बसली. तिला कधी काही आलं नाही. ती बघत होती, आणि बघताना मावशीचा चेहरा तिच्या समोर असायचा. एका क्षणी त्यावर ते हसू यायचं, रस्त्याच्या टोकाकडचं, आणि धाकटी पुन्हा एकदा वाटेत असायची.

निकाल इतका स्वच्छ होता की पहिल्यांदा तिला आपली काहीतरी चूक झाली असं वाटलं. सुरुवातीला सगळ्या रेघा आपापल्या चालीनं चालायच्या, वेड्यावाकड्या. मग एक रेघ बदलायची: श्वास लांब, वर थोडा थांबा, आणि सोडणं घेण्यापेक्षा सावकाश. बाकीच्या रेघा हळूहळू तिच्याकडे झुकायच्या, जणू उतार तिकडे होता. सगळ्या एकत्र झाल्या की थोड्याच वेळात 'यायचं'. प्रत्येक बैठकीत तेच, आणि दर वेळी पहिली बदलणारी रेघ एकच. मावशीची. जी स्वतःला शेवटची समजत होती तिच्यामागून सगळी खोली चालत होती. धाकटी त्या दिवशी विभागातल्या खिडकीशी जाऊन उभी राहिली होती आणि तिचे तळहात गार पडले होते. शोध लागला की असं होतं हे तिनं ऐकलं होतं, आपल्याला होईल असं वाटलं नव्हतं.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते दोन घरचे नियम एकत्र केल्यानं. भौतिकशास्त्रात आलेख कणांना नेऊन दाखवण्याची पद्धत नाही. पण ह्या विभागात ती आहे, आणि ती सभ्यपणाची खूण समजतात: ज्यांच्याविषयी लिहिलं, छापण्याआधी त्यांना ते दाखवायचं, तुम्हाला हे पटतं का असं विचारायचं. इतर विद्यार्थी आपल्या माणसांना चार गोड परिच्छेद वाचून दाखवत, माणसं म्हणत, हो हो, छान लिहिलंय, आणि चहा होई. धाकटीनं आलेख नेला. नावं काढून अक्षरं घातली होती, नियमाप्रमाणे. फक्त एका बैठकीत मावशीला जोराचा खोकला आला होता. ती तोंडावर रुमाल धरून उठली होती, सगळ्यांनी डोळे उघडले होते, काका पाणी आणायला गेले होते, नंतर सगळे हसलेही होते. आलेखात तिथे एका रेघेवर काटेरी झुडूप उगवलं होतं. तो तुकडा कापता आला असता. मोजून आलेली विदा कापायची नाही, हे तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं, आणि तिनं कापली नाही.

झुडुपावर पहिलं बोट शिवणवाल्या बाईंनी ठेवलं. हा तर तुमचा खोकला, त्या मावशीला म्हणाल्या, हसतच. मग त्यांचं बोट त्या रेघेवरून मागे मागे गेलं, पानाच्या सुरुवातीपर्यंत, आणि पुन्हा पुढे. कापडावर सरळ शिवण तपासायची सवय असलेलं बोट ते. मावशी हातात चष्मा धरून उभी होती, तिला अजून कळलं नव्हतं, ती धाकटीकडे कौतुकानं बघत होती. आमच्या पोरीनं केलंय हे, असं.

"म्हणजे आमच्याकडे कुणी येत नव्हतं," शिवणवाल्या बाई म्हणाल्या. "तुम्ही येत होतात."

काकांनी बाजू सावरून घेतली, पण सावरायला त्यांच्याकडे त्यांच्या धंद्याचंच सामान होतं. मोठ्या इमारतीत एक मुख्य घड्याळ असतं, ते म्हणाले, बाकीची त्याच्यावर लावलेली असतात, त्यात मुख्य घड्याळाचा काही दोष नसतो. दोष हा शब्द त्यांनी उच्चारला आणि मग तो खोलीतच राहिला. पुढच्या खेपेला मावशीची खुर्ची दाराशी होती. त्याच्या पुढच्या खेपेला कुणीतरी तिला अगदी नम्रपणे म्हणालं, जरा हलका श्वास घ्याल का, म्हणजे आमचं आम्हाला कळेल. ती हलका घेऊ लागली. कुणाला काही आलं नाही. मग शिवणवाल्या बाईंनी तिला पॅसेजमध्ये बसायला सांगितलं, प्रयोग म्हणून. प्रयोग हा शब्द त्या आता सफाईनं वापरत. तरी काही आलं नाही, आणि ह्याचे दोघींनी दोन अर्थ लावले. बाईंनी असा लावला की इतकी वर्षं एका बाईनं आपल्याला नाचवलं. मावशीनं असा लावला की आपल्याजवळ आपली मुलगी कधी बसलीच नव्हती, आपणच तिला ओढून, वर शिवाय सगळ्यांच्या वाटचं खाऊन, बसवत होतो. महिन्याभरात निम्मे लोक यायचे थांबले. मावशी पॅसेजमध्ये जात राहिली. मग एक दिवस तिथली खुर्चीही आत नेलेली होती.

मार्गदर्शक बाईंना हे सगळं कळलं तेव्हा त्यांनी हातातलं सफरचंद खाली ठेवलं. त्यांच्या खोलीत पुस्तकांचे ढीग जमिनीवर होते आणि बसायला एकच रिकामी खुर्ची, ती त्या मुद्दाम आपल्यापेक्षा ठेंगणी ठेवत, असं विद्यार्थी म्हणत. औषधांच्या दुकानातून धाकटी सरळ तिथेच गेली. मावशीनं बोलावलंय, पट्टा घेऊन ये म्हणालीय, हे तिनं सांगितलं, पिशवीचं सांगितलं नाही. बाई ऐकत होत्या आणि त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. अभ्यासानं अभ्यासलेली गोष्ट बदलते हे गेली पन्नास वर्षं सगळे नुसतं म्हणतात, त्या म्हणाल्या, आधीचं आणि नंतरचं, दोन्ही, रेघेसकट, कुणाकडे आहे? प्रबंधाचं शेवटचं प्रकरण आपल्या पायांनी चालत आलंय. जा. आणि ह्या वेळी काही सांगू नकोस तिला, फक्त ऐक.

"ती माझी मावशी आहे, बाई."

"म्हणूनच तर बोलेल."

मग सफरचंद पुन्हा उचलत त्यांनी सहज विचारलं, खोकल्यावरून रेघ ओळखू येईल हे तुझ्या लक्षात आलं नव्हतं का? धाकटी म्हणाली, खोकला कापला असता तर ती बैठकच बाद करावी लागली असती. बाईंनी मान डोलावली, हे उत्तर त्यांना पद्धतशीर वाटलं. धाकटीलाही वाटलं. जिन्यावरून उतरताना तिच्या लक्षात आलं की प्रश्न लक्षात येण्याविषयी होता आणि उत्तर बैठकीविषयी होतं. पण तोवर ती खाली पोचली होती, आणि खाली बरंच ऊन होतं, आणि तिला एका मुलाखतीच्या प्रश्नावलीची आठवण झाली.

रविवारी मावशीनं दार उघडलं तेव्हा घरात काहीच शिजत नव्हतं. ह्या घरात धाकटी इतकी वर्षं राहिली, पण दुपारी हे घर असं बिनवासाचं तिनं पाहिलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या, खिडकी लावली होती, पंखा बंद. वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला भोक पाडत होतं आणि ते यंत्र मध्येच थांबलं की शांतता आणखी जाड व्हायची. थोरलीचा फोटो होता तिथे आता दिनदर्शिका होती. धाकटीनं तिकडे पाहिलं हे मावशीनं पाहिलं. मावशी वाळली होती. हनुवटीखालची कातडी सैल झाली होती, आणि बसताना ती खुर्चीच्या पाठीला टेकली नाही. काय होतंय ते तिनं सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, पावती हरवलेल्या माणसानं खिडकीवर समजावून सांगावं तसं. तू ते दाखवलंस तेव्हापासून श्वास माझ्या हातात आलाय, ती म्हणाली. आधी तो आपला आपण चालायचा. आता मी घेतला तर येतो, सोडला तर जातो. भाजी चिरताना घ्यावा लागतो, फोनवर बोलताना घ्यावा लागतो. डोळा लागला की वाटतं, आता कोण घेईल, आणि दचकून उठते. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं ठणठणीत आहेत. गोळ्या दिल्या, त्यानं जीभ तेवढी जड होते. धाकटी ऐकत होती आणि एकीकडे तिच्या मनात वाक्य जुळत होतं, चांगलं वाक्य, प्रकरणाच्या आरंभाला शोभेल असं. तिनं ते थांबवायचा प्रयत्न केला. ते थांबलं नाही. ते आपलं आपण चालत होतं.

मावशीचं काम होतं ते असं. तेव्हा मी कसा घेत होते ते तुझ्या कागदावर आहे, ती म्हणाली. मला तर माहीतच नव्हतं मी काही करतेय. आता काकांच्या त्या खोलीत जायचं नाही, कुणाला ओढायचंही नाही. माझी मी इथे बसेन. मीच ओढत असेन तिला तर ओढते, माझं काही म्हणणं नाही. फक्त कसं ओढत होते ते मला दाखव.

"तू मोजलंयस ना? मग मला शिकव."

नाही म्हणता आलं असतं. मावशी, चल आपण बाहेर पडू, बाजारात जाऊ, माझे केस कापणाऱ्याकडून पैसे परत मागू, असं म्हणता आलं असतं, आणि हे सगळं धाकटीला सुचलंही, एकामागून एक, बसच्या खिडकीतून दुकानं जावीत तसं. त्याच वेळी तिला हेही दिसत होतं की अशी मांडणी कुणालाच आजवर मिळालेली नाही: तीच व्यक्ती, तीच लय, आधी नकळत आणि आता जाणून. तिनं पट्टा काढला. मावशीनं हात वर केले, लहान मूल फ्रॉक घालून घ्यायला करतं तसे. पट्टा शेवटच्या आकड्यापर्यंत ओढला तरी थोडा सैलच राहिला. धाकटीनं संगणकावर जुनी रेघ फिकट करून घेतली आणि तिच्यावर नवी चालू केली.

सुरुवातीला मावशीला जमेना. ती फार घ्यायची, फार धरायची, आणि धाकटी शाळेतल्या बाईंच्या आवाजात सांगायची: इतका नको, खांदे उचलू नकोस, हां, आता आत, आत, थांब, आता सोड, सावकाश, अजून सावकाश, संपला असं वाटलं तरी थोडा असतो तो सोड. आपला आवाज किती मऊ झालाय हे तिला ऐकू येत होतं. ह्या आवाजात ती मावशीशी कधी बोलली नव्हती. वरचं यंत्र थांबलं. नवी रेघ जुनीकडे सरकत गेली, कुठे वर, कुठे खाली, मग शिवण जुळावी तशी जुळली, आणि पडद्यावर दोनांची एक झाली. धाकटीनं सांगणं थांबवलं. मावशी डोळे मिटून बसली होती. तिचा चेहरा अगदी तयार होता, झाडून पुसून ठेवलेल्या खोलीसारखा, आणि त्यात कुणी येत नव्हतं.

"बरोबर आहे?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"अगदी."

मावशी चालू राहिली. धाकटी रेघेकडे बघत होती आणि केव्हा कोण जाणे, बघायची थांबली. तिला तिच्या डाव्या पायावर वजन जाणवलं. पावलावर पाऊल. टाच भेगाळलेली, बोटं गरम, आणि दाब ओळखीचा: जेवायच्या टेबलाखाली, मोठी माणसं रागावत असताना, उलट बोलू नकोस म्हणून थोरली असाच पाय ठेवायची, आणि मोठ्यांचा राग उतरेपर्यंत काढायची नाही. ह्या पायाविषयी धाकटीनं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. तिला स्वतःलाही तो आठवत नव्हता. विसरली होती असंही नाही, त्या पायाची आठवण डोक्यात नव्हतीच, पायात होती. तिनं खाली पाहिलं नाही. तिचा श्वास मावशीच्या श्वासाच्या मागून चालला होता, तंतोतंत, उतारावरून. तिच्या गालांवरून ओघळ आले, दोन्ही बाजूंनी, मुकाट. तिला अतिशय बरं वाटत होतं. इतकं बरं तिला कधीच वाटलं नव्हतं, आणि त्या बरं वाटण्यात कुठेतरी, तळाशी, फाटकातलं एक पोर टाचा उंचावून बघत होतं की ह्या वेळी आपल्याकडे आली.

मावशीनं डोळे उघडले होते. केव्हापासून, ते कळायला मार्ग नव्हता. ती धाकटीच्या चेहऱ्याकडे बघत होती, अगदी जवळून, ते हसू जवळून बघावं लागलेल्या माणसासारखी.

"आली?"

धाकटीनं तोंड उघडलं. हो म्हटलं तर कुणाकडे आली हेही सांगावं लागलं असतं. नाही म्हटलं तर संपलं. ही दोन्ही उत्तरं निदान माणसानं माणसाला द्यायची होती. तिच्याकडे तिसरं होतं, घासून गुळगुळीत झालेलं, कुठेही चालणारं.

"तसं सांगता येत नाही, मावशी."

"तुला सांगता येत नाही, का तुमच्याकडे सांगत नाहीत?"

"दोन्ही."

मावशी पुढे वाकली. तिनं हाताच्या पाठीनं धाकटीचा गाल पुसला आणि तो ओला हात तिच्यासमोर धरला.

"हे काय मग?"

"पाणी," धाकटी म्हणाली.

मावशीनं मान हलवली. खिडकीवरच्या माणसानं, पावती नसेल तर काही होणार नाही, असं सांगितल्यावर हलवतात तशी. मग उठून तिनं स्वतःच पट्टा सोडला, गुंडाळी केली, धाकटीच्या पिशवीत ठेवला, पिशवीची चेन ओढली. रेघ आली ना नीट, तिनं विचारलं, आणि धाकटीनं आली म्हटल्यावर म्हणाली, मग तुझं काम झालं. चहा टाकते असं काही ती म्हणाली नाही. दारापर्यंत मात्र आली. सावकाश जा, म्हणाली, पायऱ्या ओल्या असतात. पायऱ्या कोरड्या होत्या.

दार लागलं. कडी लागली. धाकटी पहिल्या पायरीपर्यंत गेली आणि तिथेच बसली. दारावरचा झरोका उघडा होता. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग श्वास ऐकू येऊ लागला, मोठा, शिकवल्यासारखा. आत, आत, थांबा, आणि सावकाश बाहेर, संपला असं वाटल्यावरही थोडा. अगदी बरोबर घेत होती. खांदे उचलत नसणार. एकदा मध्येच थांबून तिनं हलक्या आवाजात काहीतरी विचारलं, थोरलीचं नाव घेऊन, घरातलं, बाहेर कुणाला माहीत नसलेलं. उत्तर आलं नसावं, कारण थोड्या वेळानं तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. धाकटीनं कान झाकायला हात उचलले आणि तसेच मांडीवर ठेवले. तिचा श्वास झरोक्यातून येणाऱ्या श्वासाला जाऊन मिळाला होता. पुढच्याच खेपेला डाव्या पावलावर ते वजन आलं, गरम, भेगाळ टाचेचं, आणि टेकून राहिलं. उठून दार वाजवायचं होतं, एवढंच. आत जाऊन, मावशी, आली, माझ्या पायावर पाय ठेवलाय, तुझ्याच श्वासानं आली, एवढंच सांगायचं होतं. हे वाक्य तिच्याकडे पूर्ण होतं, त्याला कंस नव्हते. मात्र उठायचं तर पाय उचलावा लागला असता.

दाराआड मावशी श्वास घेत राहिली. जिन्यावरून कुणीतरी सामान घेऊन वर आलं, जरा सरकता का, म्हणालं. धाकटी भिंतीकडे कलली, त्याला वाट दिली, पण पाऊल होतं तिथून हलवलं नाही.